एका नावाखाली अनेक शत्रू : संत्र्याच्या ट्रिस्टेझा विषाणूची कहाणी



या मालिकेत आजवर आपण किल्ले, लढाया, रसद आणि तह यांच्याविषयी बोललो. आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब निवृत्तीनंतर शेतीकडे वळले की काय! तसं नाही. विसाव्या शतकात एका विषाणूने जगभरातली जवळपास दहा कोटी लिंबूवर्गीय झाडं मारली किंवा निकामी केली, असा जाणकारांचा अंदाज आहे. देशोदेशींच्या बागा उठल्या, नव्याने बसल्या, कलमं करण्याची रीत बदलली. हा इतिहासच आहे. त्यात नागपूरच्या संत्र्याचा, आपल्या कागदी लिंबाचा आणि दार्जिलिंगच्या डोंगरउतारांचाही वाटा आहे. मी शास्त्रज्ञ नाही, पण शत्रूला ओळखायला लागलेला वेळ आणि त्या वेळात झालेलं नुकसान, हा विषय फौजेतल्या माणसाला परका नसतो.

विषाणूचं नाव ट्रिस्टेझा. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ उदासी. झाड खरोखरच उदास दिसतं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, आणि कधी कधी तर फळांनी लगडलेलं झाड दोन-तीन आठवड्यांत उभ्या उभ्या सुकून जातं. फळं तशीच लटकत राहतात.

गोष्ट सुरू करायची तर १८४२ च्या सुमारास अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर जावं लागेल. तिथल्या संत्र्यांच्या बागांमध्ये खोडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागला, साल कुजली आणि झाडं मेली. आपल्याकडे विदर्भात ज्याला शेतकरी डिंक्या म्हणतात, तोच हा रोग. तो फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. पुढच्या काही दशकांत तो भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरला. त्या वेळेपर्यंत संत्र्याचं झाड बऱ्याच ठिकाणी सरळ बियांपासून वाढवलं जाई. डिंक्याने हे सगळं बदललं. बागायतदारांच्या लक्षात आलं, की कडू नारिंगाच्या खुंटाला हा रोग सहसा लागत नाही. मग कडू नारिंगाच्या रोपावर गोड संत्र्याचा डोळा भरायचा, असा प्रघात पडला. खाली कडू, वर गोड. खुंट काटक, फळाची प्रत उत्तम, जमीन भारी असली तरी चालते. अशी सोय झाल्यावर अर्ध्या जगाने ती उचलली. स्पेन, इटली, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, ब्राझील, अर्जेंटिना, सगळीकडे बहुतेक बागा एकाच खुंटावर उभ्या राहिल्या.

एकाच खुंटावर. हे लक्षात ठेवा.

आता दुसरा धागा. लिंबूवर्गीय झाडांचं मूळ घर म्हणजे हिमालयाचा आग्नेय पायथा. आसाम, मेघालय, उत्तर म्यानमार, चीनचा युन्नान. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेकला या वर्गातल्या रानटी झाडांसाठी राखलेलं वेगळं अभयारण्य आहे. नारिंग हा आपला संस्कृतातला शब्दच फारसी-अरबी मार्गाने स्पेनला पोहोचून नारांहा झाला आणि पुढे इंग्रजांचा ऑरेंज. शब्द गेला तशा बियाही गेल्या. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून संत्र्या-लिंबांच्या बिया अमेरिकेत नेल्या.

ट्रिस्टेझाचा विषाणू बियांतून जात नाही. तो झाडाच्या सालीतल्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि दोनच वाटांनी प्रवास करतो: कलमाच्या डोळ्याबरोबर, किंवा मावा किडीच्या सोंडेतून. मावाही त्याला फार काळ बाळगू शकत नाही, एखाद-दोन दिवसांत त्याची लागण करण्याची क्षमता संपते. त्यामुळे शेकडो वर्षं बियांनी प्रवास केलेली झाडं आपला रोग आशियात मागे सोडून गेली होती. भूमध्य समुद्राकाठची आणि अमेरिकेतली संत्री ही अशी निरोगी, पण या शत्रूशी कधीही गाठ न पडलेली प्रजा होती. मग वाफेची जहाजं आली. आठवड्या-दोन आठवड्यांत जिवंत रोपं आणि डोळ्यांच्या काड्या एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचू लागल्या. सरकारी खात्यांनी नव्या जाती शोधायला माणसं धाडली. अमेरिकन कृषी खात्याच्या फ्रँक मेयर या शोधकाने १९०८ मध्ये चीनमधून एक सुंदर लिंबू नेलं, ते आजही मेयर लेमन म्हणून ओळखलं जातं. पुढे १९४० च्या दशकात कळलं, की हे लिंबाचं झाड स्वतः ठणठणीत दिसतं, पण त्याच्या पोटात ट्रिस्टेझा आहे. बिचारा मेयर १९१८ मध्ये चीनमध्येच यांगत्से नदीत बुडून मेला. आपण काय नेलं याची त्याला कधी कल्पनाही आली नाही.

पहिल्या खुणा दक्षिण आफ्रिकेत दिसल्या होत्या. तिथे कडू नारिंगाच्या खुंटावरची कलमं टिकतच नसत, म्हणून लोकांनी तो खुंट सोडून जंबेरी घेतली होती. वेबर नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९२५ मध्ये याची नोंद केली, पण कारण कळेना. जावा बेटावर टोक्सोपेउस या डच संशोधकाने १९३७ मध्ये तर्क मांडला, की वरच्या गोड संत्र्यातून असं काहीतरी विष खाली उतरतं, जे कडू नारिंगाच्या मुळांना सोसत नाही. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की त्याचं निम्मं बरोबर होतं. गोड संत्र्याला स्वतःला त्रास होत नव्हता. कडू नारिंगाचं एकटं झाडही मरत नव्हतं. दोघांचं कलम झालं की मात्र जोडाच्या खालच्या अन्नवाहिन्या कुजत, पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नसे, मुळं साठवलेला पिष्ट पदार्थ खाऊन काही महिने तग धरत आणि मग उपाशी मरत. वरचं सैन्य शाबूत, पण रसद तुटलेली. ते विष म्हणजे विषाणू आहे, एवढंच टोक्सोपेउसच्या ध्यानात आलं नाही.

अर्जेंटिनात १९३० च्या सुमारास हाहाकार सुरू झाला. बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर विषाणू आला आणि तिथला काळसर तपकिरी मावा त्याला सापडला. या विषाणूचा हा सर्वांत समर्थ वाहक. १९३७ मध्ये ब्राझीलच्या पाराइबा खोऱ्यात रोग दिसला. १९४२ मध्ये मोरेइरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्याला ट्रिस्टेझा हे नाव दिलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत साओ पाउलो राज्यातली बहुतेक संत्र्याची झाडं, म्हणजे लाखोंच्या संख्येने, गेली. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात तोच प्रकार वेगळ्या नावाने, शीघ्र ऱ्हास म्हणून, सुरू झाला. दोन्ही ठिकाणचे लोक आधी जमिनीला, पाण्याला, खताला दोष देत होते. १९४६ मध्ये ब्राझीलच्या मेनेगिनीने माव्याकडून रोग पसरतो हे प्रयोगाने दाखवलं, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात फॉसेट आणि वॉलेस यांनी कलमाने तो एका झाडातून दुसऱ्यात जातो हे सिद्ध केलं. शत्रू सापडला. निदान तेव्हा तसं वाटलं.

ब्राझीलने मग काय केलं? कडू नारिंग सोडून दिलं आणि देशभर एक वेगळाच खुंट घेतला: रंगपूर लाईम. नावातलं रंगपूर म्हणजे आजच्या बांगलादेशातलं. म्हणजे ज्या प्रदेशातून विषाणू निघाला, त्याच्याच शेजारच्या गावाचं नाव लावणाऱ्या झाडाने ब्राझीलचा संत्रा उद्योग पुन्हा उभा केला. तोच खुंट आपल्याकडे विदर्भातही वापरतात.

इथे गोष्ट संपली असती, तर मी आज तुमच्यापुढे ती आणली नसती. खरी गुंतागुंत इथून पुढे आहे.

खुंट बदलला तरी काही झाडं खुरटतच होती. खोडाची साल सोलली, की आतल्या लाकडावर बारीक खड्डे आणि चऱ्या दिसत. फळं लहान, साल जाड. आणि हे सगळीकडे सारखं नव्हतं. एका बागेत झाडं जोमात, शेजारच्या बागेत त्याच जातीची, त्याच खुंटावरची झाडं खंगलेली. दोन्हींची तपासणी केली तर दोन्हींत ट्रिस्टेझा! ही तपासणी कशी करत, ते ऐकण्यासारखं आहे. संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरायचा आणि काही आठवडे वाट पाहायची. विषाणू असेल तर लिंबाचं पान उजेडासमोर धरल्यावर शिरा तुटक तुटक पांढुरक्या, पारदर्शक दिसतात. आपल्या ताटातलं कागदी लिंबू परदेशांत मेक्सिकन लाईम म्हणून ओळखलं जातं. कित्येक वर्षं जगातल्या प्रयोगशाळांत याच झाडाने खबऱ्याचं काम केलं.

या लिंबानेच पहिली मोठी बातमी दिली. काही नमुन्यांनी लिंबू पार खुरटून जाई, काहींनी पानांवर जेमतेम चार ठिपके उमटत. दक्षिण आफ्रिकेत मॅक्लीनने आणि ब्राझीलमध्ये ग्रँट व कोस्टा यांनी हे फरक नीट नोंदवले. १९५१ मध्ये ग्रँट आणि कोस्टा यांनी ट्रिस्टेझाचा एक सौम्य प्रकार जाहीर केला आणि त्याबरोबर एक निरीक्षण मांडलं: ज्या झाडात हा सौम्य प्रकार आधीपासून आहे, त्याला नंतर उग्र प्रकार फारसा बाधत नाही. देवीच्या लसीची आठवण व्हावी अशी ही गोष्ट, फक्त झाडांना आपल्यासारखं रक्त नाही आणि प्रतिपिंडंही नाहीत. मग संरक्षण कशाने मिळतं? याचं उत्तर यायला अजून साठ वर्षं होती.

कारण माहीत नसतानाही कोस्टा आणि म्युलर यांनी काम पुढे नेलं. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण ती प्रयोगशाळेत बसून केलेली नव्हती. त्यांनी विचार केला, की उजाड झालेल्या बागेत जे एखादं झाड अजून हिरवंगार उभं आहे, त्याच्या अंगात नक्कीच काहीतरी वेगळं आहे. अशा झाडांमधून त्यांनी विषाणूचे नमुने गोळा केले, एकेक पारखले आणि ब्राझीलच्या लाडक्या पेरा संत्र्यासाठी सौम्य प्रकार निवडले. रोपवाटिकेतच हे सौम्य विषाणू टोचलेले डोळे बागायतदारांना दिले. १९८० पर्यंत अशी सुमारे ऐंशी लाख पेरा संत्र्याची झाडं उभी होती. विषाणूचा हेतुपुरस्सर प्रसार करून विषाणूला रोखण्याचं एवढं मोठं उदाहरण वनस्पतींच्या जगात दुसरं नाही.

मग इतरांनीही तेच करून पाहिलं. कुठे जमलं, कुठे सपशेल फसलं. एका देशात उत्तम संरक्षण देणारा सौम्य प्रकार दुसरीकडे नेला, तर तो निरुपयोगी ठरायचा. एका जातीच्या संत्र्याला वाचवणारा प्रकार पपनसाच्या भावंडाला, म्हणजे ग्रेपफ्रूटला, वाचवत नसे. साओ पाउलोमध्येच कापाओ बोनितो भागात असा एक उग्र प्रकार निघाला, की त्याने पेरा संत्र्यालाही जेरीस आणलं. नुसतं सौम्य आणि उग्र एवढ्या दोन खणांत हा शत्रू बसत नव्हता.

त्याचं खरं रूप हळूहळू उघड झालं. १९६४ मध्ये ब्राझीलच्या कितजिमा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे पाहिले: सुमारे २,००० नॅनोमीटर लांब आणि दहा-बारा नॅनोमीटर जाड, लवचिक. १९७९ मध्ये इस्राएलच्या बार-योसेफ आणि सहकाऱ्यांनी एलायझा चाचणी या विषाणूसाठी वापरली. कागदी लिंबाची वाट पाहत महिने घालवायची गरज उरली नाही. १९९० मध्ये फ्लोरिडात एक खास प्रतिपिंड तयार झालं, एमसीए १३ नावाचं. ते उग्र नमुन्यांना चिकटे, सौम्यांना चिकटत नसे. लोकांना वाटलं, आता ओळखपत्र तपासून चौकीवरच निकाल लावता येईल. या प्रतिपिंडाला नेमकं काय दिसतं हे शोधलं, तेव्हा कळलं की विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनात १२४ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. फेनिलअ‍ॅलनिन असेल तर चिकटतं, टायरोसिन असेल तर नाही. यासाठी जनुकात फक्त एक अक्षर बदलावं लागतं. पण ते अक्षर उग्रपणाचं कारण नव्हतं, ती केवळ खूण होती. गणवेशावरची पट्टी पाहून माणूस किती लढवय्या आहे हे सांगता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. काही नमुने पट्टी लावूनही मवाळ निघाले.

१९९५ मध्ये फ्लोरिडातल्या टी ३६ नावाच्या नमुन्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर वाचून झाला. १९ हजार २९६ अक्षरं. वनस्पतींच्या आरएनए विषाणूंत एवढा लांब मजकूर त्या वेळी दुसऱ्या कोणाचा नव्हता. करोनाचा मजकूर सुमारे तीस हजार अक्षरांचा, म्हणजे तुलना येईल. पुढच्याच वर्षी इस्राएलच्या व्हीटी या नमुन्याचं वाचन आलं आणि सगळे चकित झाले. मजकुराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दोघं सुमारे नव्वद टक्के सारखे होते. पहिल्या अर्ध्या भागात मात्र साम्य सत्तरच्या आसपास घसरत होतं आणि अगदी सुरुवातीला तर त्याहूनही खाली. एकाच विषाणूचे दोन नमुने म्हणावेत, तर एवढा फरक अपेक्षित नव्हता. जणू एकाच पोथीच्या दोन प्रतींत उत्तरार्ध सारखा आणि पूर्वार्ध वेगवेगळ्या हातांनी लिहिलेला.

त्याच्या उलटं आश्चर्य २००० मध्ये आलं. फ्लोरिडातला सौम्य टी ३० आणि स्पेनमधला सौम्य टी ३८५, दोघांमध्ये अटलांटिक महासागर आणि अनेक दशकांचं अंतर. तरी मजकूर जवळजवळ अक्षरशः एक, नव्याण्णव टक्के. आरएनए विषाणू नक्कल करताना भरपूर चुका करतात. करोना विषाणूजवळ चुका तपासणारा कारकून असतो, ट्रिस्टेझाजवळ तोही नाही. तरीही एखादा वाण इतकी वर्षं न बदलता राहतो. याचा अर्थ, आज जे ठळक फरक दिसतात ते गेल्या शंभर वर्षांत, बागांमध्ये, तयार झालेले नाहीत. ते फार जुने आहेत, लिंबूवर्गाच्या मायभूमीत, आशियात घडलेले असावेत. विसाव्या शतकाने त्यांची फक्त वाहतूक केली.

आज शास्त्रज्ञ या विषाणूचे काही मुख्य वाण मानतात: टी ३६, टी ३०, व्हीटी, टी ३, टी ६८ आणि आरबी. यातला आरबी म्हणजे प्रतिकार भेदणारा. तीन पानांच्या पोन्सिरस झाडात ट्रिस्टेझाला रोखणारं एक जनुक आहे, त्याच्या भरवशावर जगभर खुंट तयार केले गेले. न्यूझीलंडमधून २०१० मध्ये जाहीर झालेल्या या वाणाने तो तटही ओलांडला. शिवाय वाण आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. एकाचा पूर्वार्ध आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध, असे संकरित मजकूर सर्रास सापडतात. आणि एका झाडात एकच वाण असेल असंही नाही. वर्षानुवर्षं कलमावर कलम करत आलेल्या झाडात तीन-चार वाण एकत्र नांदतात. डोळा भरला की सगळे एकदम पुढच्या झाडात जातात. मावा मात्र कधी कधी त्यातला एखादाच उचलतो. त्यामुळे सौम्य दिसणाऱ्या झाडावरून मावा उडाला आणि पुढच्या झाडात उग्र रोग उमटला, असं घडतं.

आता ते साठ वर्षं रेंगाळलेलं उत्तर. फ्लोरिडात फोलिमोनोव्हा, डॉसन आणि सहकाऱ्यांनी टी ३६ वाणाला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, म्हणजे तो झाडात कुठे शिरतो ते डोळ्यांना दिसावं. मग वेगवेगळे वाण आधीच असलेल्या झाडांत तो सोडला. झाडात आधी टी ३६ कुळाचाच विषाणू असेल, तर चमकणाऱ्याला शिरताच येईना. पण झाडात टी ३० किंवा व्हीटी असेल, तर तो बेधडक आत शिरला, जणू पहारा नव्हताच. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर पी ३३ नावाचं एक प्रथिन हे दार लावण्याचं काम करतं हेही दिसलं. म्हणजे सौम्य विषाणू फक्त आपल्याच कुळातल्या भाऊबंदांना दारात अडवतो. परक्या कुळाला तो पाहतही नाही. म्युलर आणि कोस्टा यांनी साओ पाउलोच्या बागांमधूनच सौम्य विषाणू निवडले होते, म्हणून तिथल्या उग्र वाणांशी त्यांचं कूळ जुळलं असणार. ज्यांनी दुसऱ्या देशातून आयते सौम्य प्रकार मागवले, त्यांचे प्रयोग का फसले हेही त्यातून उलगडतं.

आता भारताकडे येऊ. आपल्याकडे कडू नारिंगाचा खुंट फारसा नव्हता. विदर्भात जंबेरी आणि रंगपूर लाईम, म्हणून ब्राझीलसारखा धडाक्याने झाडं वाळण्याचा प्रकार इथे झाला नाही. आपली झाडं हळूहळू खंगतात, आणि हळू मरणाऱ्याच्या मृत्यूचं कारण शोधणं कठीण. भारी काळी जमीन, पाण्याचा निचरा नाही, डिंक्या, मुळकूज, सगळ्यांवर आळीपाळीने ठपका बसला. १९५८ मध्ये वासुदेव आणि कपूर यांनी मुंबई राज्यातल्या लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासावर लिहिताना विषाणूचा पुरावा मांडला. तेव्हा विदर्भ आणि मराठवाडा त्याच मुंबई राज्यात होते, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. पुढे १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर, ज्यांत हे कपूरही होते, ग्रीनिंग या दुसऱ्या रोगाकडे बोट दाखवलं. तो सायला किडीतून पसरतो आणि त्याचा धोका खराच आहे. पण त्यानंतर ट्रिस्टेझा काहीसा मागे पडला, असं मला वाटतं. दोन शत्रू एकाच खिंडीत असले की ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडेच तोफा वळतात.

कागदी लिंबाचं दुखणं वेगळं. ते बहुधा बियांपासूनच लावतात, खुंटाचा प्रश्नच नाही. पण त्याला हा विषाणू थेट बाधतो, खोडावर खड्डे पाडतो. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात बलरामन आणि रामकृष्णन यांनी १९७० च्या दशकात ट्रिस्टेझाचे स्थानिक प्रकार वेगळे केले आणि सौम्य प्रकाराने लिंबाला संरक्षण देता येतं का, हे तपासलं. वाणांचा जनुकीय मजकूर तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हता. तरी देशी नमुन्यांपासून सुरुवात करण्याची त्यांची दिशा बरोबर होती, हे आज कळतं.

नोकरीच्या काळात सिलिगुडीहून वर जाताना हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला टोपल्यांमध्ये दार्जिलिंगची संत्री दिसायची. लहान, सैल सालीची, आणि गोडी अशी की जवान मेसचं जेवण विसरून तीच खायचे. त्या बागा गेल्या काही दशकांत खूप कमी झाल्या. कारणं अनेक आहेत, पण भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या डोंगरातल्या झाडांत ट्रिस्टेझाचे अनेक वाण शोधले. कालिम्पाँगवरून नाव पडलेला केपीजी ३ हा त्यातला एक. त्याचाही संपूर्ण मजकूर वाचला गेला आहे. भारतातून अमेरिकेतल्या संग्रहात गेलेला बी १६५ हा नमुना २०१० मध्ये वाचला, तेव्हा तो वेगवेगळ्या वाणांच्या तुकड्यांनी बनलेला नवाच संकर निघाला. जिथे झाडाची मायभूमी, तिथे विषाणूचीही. त्यामुळे ब्राझील किंवा स्पेनला जे दोन-तीन वाणांशी लढायचं होतं, ते आपल्याला कित्येकांशी लढायचं आहे, आणि तेही एकमेकांत मिसळलेल्या.

म्हणूनच, परदेशातून तयार सौम्य विषाणू आणून नागपुरी संत्र्याला टोचावा, असं कुणी सुचवलं तर माझा त्याला विरोध राहील. इथल्या वाणांशी त्याचं कूळ जुळलं नाही, तर तो दार अडवणार नाही. उलट इथल्या वाणांशी तुकड्यांची अदलाबदल करायला एक नवा भिडू मिळेल. सौम्य विषाणू लागलाच तर तो आपल्याच बागांमध्ये, आपल्याच टिकून राहिलेल्या झाडांत शोधावा लागेल. ते काम वर्षानुवर्षांचं आहे आणि त्याला निवडणुकीच्या वर्षात टाळ्या मिळत नाहीत.

तोवर भरवशाचा मार्ग एकच, स्वच्छ डोळा. झाडाच्या कोंबाच्या अगदी टोकावर, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान भागात, बहुतेक वेळा विषाणू पोहोचलेला नसतो. तेवढाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतल्या कोवळ्या रोपावर बसवायचा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात आणि स्पेनमध्ये ही रीत तयार झाली. स्पेनमध्ये नवारो यांच्या पुढाकाराने सगळा देश अशा स्वच्छ मातृवृक्षांवर गेला. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतही हे काम होतं आणि तिथून तपासलेली रोपं मिळतात. ती सगळ्या पट्ट्याला पुरतील एवढी नाहीत. त्यामुळे वरुड-मोर्शीपासून काटोलपर्यंत आजही कित्येक शेतकरी रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून, फक्त पानाचा रंग पाहून, कलमं उचलतात.

माझ्या एका नातेवाइकाने मागे अशीच आठशे कलमं घेतली होती. डोळे कोणत्या झाडावरचे, असं मी विचारलं तर रोपवाटिकेचा मालक म्हणाला, आमच्याच बागेतल्या जुन्या जोमदार झाडाचे. जुनं, जोमदार झाड. म्युलर आणि कोस्टा ज्याच्या शोधात होते, तेही असंच असायचं. फरक इतकाच, की ते आधी वर्षानुवर्षं त्याची परीक्षा घेत. तुमच्यापैकी जे कुणी विदर्भात, मराठवाड्यात, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडे, तेलंगणात किंवा कोडगूमध्ये या पावसाळ्यात नवी बाग लावणार असतील, त्यांनी पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: मातृवृक्षाची विषाणू चाचणी कधी झाली, आणि त्याचा कागद आहे का.